घरात दोन इंटरनेट लाइन असतील तर कुठलं पॅकेट कुठून जातं?

घरात दुसरं इंटरनेट कनेक्शन आलं की पहिली अपेक्षा बेरजेची असते. एक लाइन १०० एमबीपीएसची, दुसरी ५०ची. दोन्ही एकाच राउटरला जोडल्या की १५० मिळायला हवेत. मग वायरी लागतात, स्पीड टेस्ट होते आणि आकडा येतो ९५. दुसरी लाइन असून नसल्यासारखी. राउटर खराब आहे असं वाटतं, पण तो ठीकच असतो. दोन लाइनचं करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

कुठल्या मेन्यूत कुठलं बटण हे राउटरगणिक बदलतं. आत जे चालतं ते मात्र बहुतेक सगळीकडे सारखं आहे. ते एकदा समजलं की कुठल्याही राउटरची सेटिंग्ज वाचून कळतात, म्हणून मी बटणांपेक्षा आतल्या कामावरच जास्त बोलणार आहे.

राउटरचा तक्ता

इंटरनेटवरचा डेटा छोट्या तुकड्यांनी जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. राउटरकडे एक तक्ता असतो, त्याला राउटिंग टेबल म्हणतात. त्यातली प्रत्येक ओळ सांगते की अमुक पत्त्यांसाठीचं पॅकेट अमुक बाजूने पाठव. पॅकेट आलं की राउटर त्यावरचा पोचायचा पत्ता बघतो आणि सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ निवडतो. समजा घरातले कॉम्प्युटर १९२.१६८.१०.० या नेटवर्कवर आहेत आणि कॅमेरे वेगळे, १९२.१६८.२०.० वर. लॅपटॉपवरून कॅमेरा उघडला तर कॅमेऱ्यांच्या नेटवर्कची ओळ जुळते आणि पॅकेट घरातच राहतं. जे कुठल्याच ओळीला जुळत नाही, म्हणजे बाहेरचं सगळं जग, त्याच्यासाठी शेवटची एक ओळ असते: ०.०.०.०/०. हाच डिफॉल्ट रूट.

एक लाइन असते तोवर डिफॉल्ट रूट एकच असतो. दुसरी आली की दोन होतात, दोन्ही सारख्याच ढोबळ, आणि मग निकाल मेट्रिक नावाच्या आकड्यावर लागतो. ज्याचं मेट्रिक कमी तो रूट वापरला जातो, दुसरा टेबलमध्ये नुसता पडून राहतो. वरच्या ९५ आकड्याचं कारण बहुधा हेच.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करा. नेहमीच्या राउटिंगमध्ये फक्त ‘कुठे जायचंय’ हे बघितलं जातं, ‘कुणाकडून आलं’ हे बघितलंच जात नाही. दोन लाइनच्या घरातल्या बहुतेक अडचणी या न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नातून येतात.

एका पॅकेटच्या मागे

लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१०.२५. तो एक वेबसाइट उघडतो, तिचा सर्व्हर १९२.०.२.१० वर आहे. राउटरला पहिल्या लाइनवर २०३.०.११३.४० हा पत्ता मिळालाय आणि दुसऱ्या लाइनवर १९८.५१.१००.७७. (बाहेरचे हे तिन्ही पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) लॅपटॉपचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता खासगी, तो बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाही. म्हणून पॅकेट पहिल्या लाइनने बाहेर पडताना राउटर पाठवणाऱ्याच्या जागी २०३.०.११३.४० लिहितो आणि ही अदलाबदल स्वतःकडे नोंदवून ठेवतो. याला नॅट म्हणतात. उत्तर आलं की नोंद बघून ते लॅपटॉपकडे वळवतो.

सर्व्हरच्या बाजूने बघा. हे संभाषण, म्हणजेच कनेक्शन, तो चार गोष्टींवरून ओळखतो: दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट नंबर (एकाच पत्त्यावरची वेगवेगळी कामं ओळखायचे आकडे). आता राउटरने मध्येच पुढचं पॅकेट दुसऱ्या लाइनने पाठवलं तर त्यावर १९८.५१.१००.७७ हा पत्ता असेल. सर्व्हरच्या लेखी असं कुठलं संभाषण सुरूच नाही. तो ते पॅकेट टाकून देतो किंवा कनेक्शन तोडायचा निरोप पाठवतो. फोनवर बोलणं सुरू असताना दुसऱ्याच नंबरवरून पुढचं वाक्य बोलता येत नाही, तसंच हे.

मग दुसऱ्या लाइनने पाठवताना पत्ता पहिल्याच लाइनचा ठेवला तर? तेही जमत नाही. आपल्या ग्राहकाला दिलेला पत्ता सोडून दुसराच पत्ता लावून आलेली पॅकेट अडवावीत, अशी शिफारस इंटरनेटच्या मानकांमध्ये २००० सालापासून आहे. खोटे पत्ते लावून होणारे हल्ले रोखण्यासाठी ती केली गेली. ती पाळणाऱ्या इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात तुमचं पॅकेट पहिल्याच टप्प्यावर गळतं.

तेव्हा नियम असा की एक संभाषण एकाच लाइनने सुरू होतं आणि त्याच लाइनने संपतं. पुढचं सगळं यातूनच येतं.

बेरीज कधी होते

लोड बॅलन्सिंग म्हणजे संभाषणं वाटून देणं. पहिलं या लाइनला, दुसरं त्या लाइनला. लाइनचा वेग वेगळा असेल तर दोनास एक असं प्रमाण ठरवून. घरात चौघं एकाच वेळी वेगवेगळं काही करत असतील तर दोन्ही लाइन छान वापरल्या जातात. टोरंटसारखे प्रकार एकाच फाइलसाठी अनेक कनेक्शन उघडतात, तिथे खरोखर बेरीज दिसते. पण एका कनेक्शनवरून उतरणारी एक मोठी फाइल एकाच लाइनच्या वेगाने उतरणार. बऱ्याच स्पीड टेस्टही एकदम अनेक कनेक्शन उघडतात, त्यामुळे लोड बॅलन्सिंग सुरू केल्यावर १४० दिसला म्हणून प्रत्येक डाउनलोड त्या वेगाने होईल असं धरू नका.

एकाच संभाषणाचे तुकडे दोन लाइनवरून पाठवायचे तर ते पलीकडे पुन्हा जोडणारं कुणीतरी लागतं. तसा एक सर्व्हर बाहेर भाड्याने घेऊन दोन्ही लाइनवरून त्याच्यापर्यंत बोगदा काढतात. याला बाँडिंग म्हणतात. ते चालतं, पण सगळं घर त्या एका सर्व्हरवर अवलंबून राहतं आणि हळू लाइन वेगवान लाइनलाही थांबायला लावते. मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच संभाषण एकाहून जास्त लाइनने चालवायची पद्धत, हा दुसरा मार्ग. त्याचं पहिलं मानक २०१३ साली आलं आणि ॲपलने त्याच वर्षी आयफोनच्या सिरीसाठी ते वापरलं. त्याची अट अशी की ते दोन्ही टोकांना यायला हवं, आणि तुम्ही उघडाल त्या प्रत्येक वेबसाइटला ते येत असेल असं धरून चालता येत नाही.

माझं ठाम मत सांगतो. घरासाठी समान वाटणी हा चुकीचा आरंभ आहे. लाइन चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली गेली तर महत्त्वाचा व्हिडिओ कॉल कधी मंद लाइनवर पडतो. बँकेच्या साइटवर एक विनंती एका पत्त्यावरून गेली आणि दुसरी दुसऱ्यावरून, की काही साइट सरळ लॉगआउट करतात. त्यावर स्टिकी नावाची सोय असते: एका उपकरणाकडून एका साइटकडे जाणारी सगळी कनेक्शन ठरावीक वेळ एकाच लाइनवर ठेवायची. वाटणी करणारच असाल तर ती आवर्जून सुरू करा. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे कोण कुठून जाणार हे आपण ठरवायचं आणि एक लाइन पडली की सगळ्यांना दुसरीवर न्यायचं.

आधी वायरी आणि पत्ते

त्याआधी मांडणी नीट हवी. दोन्ही कंपन्यांचे डबे (लाइनबरोबर आलेले मोडेम) एका स्विचला लावून चालत नाही. दोन्ही डबे आपापल्या परीने घरातल्या उपकरणांना पत्ते वाटू लागतात आणि कुठला फोन कुठल्या लाइनवर गेला हे नशिबावर सुटतं. दोन वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडायच्या जागा) असलेला आपला एक राउटर मध्ये हवा. दोन्ही डबे त्याच्या मागे, सगळं घर त्याच्या पुढे.

दुसरी अडचण फार नेहमीची आणि पटकन लक्षात न येणारी. दोन्ही डबे मुळात १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आलेले असतात. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क दिसलं की तो गोंधळतो: १९२.१६८.१.१ म्हणजे यातला कुठला? एका डब्याचं नेटवर्क बदलून १९२.१६८.२.० करा आणि घराचं नेटवर्क या दोन्हीपेक्षा वेगळं ठेवा. डबा ब्रिज मोडमध्ये टाकता आला तर आणखी उत्तम, मग बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. त्यात पीपीपीओई लॉगिन (नाव आणि पासवर्ड देऊन लाइन सुरू करायची पद्धत) असेल तर प्रत्येक पॅकेटमधली ८ बाइट जागा त्यात जाते आणि कमाल आकार १५००वरून १४९२वर येतो. एका लाइनवर काही साइट अर्धवट उघडून अडकतात आणि दुसरीवर नीट चालतात, असं झालं तर आधी हा आकडा तपासा.

कोण कुठून जाणार

आता तो न विचारलेला प्रश्न विचारायचा: पॅकेट कुणाकडून आलं? याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. घरातल्या बऱ्याच राउटरांच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि लिनक्समध्ये ही सोय १९९९च्या २.२ आवृत्तीपासून आहे. कल्पना सोपी आहे. एका टेबलऐवजी अनेक टेबलं ठेवायची. ‘टेबल एक’चा डिफॉल्ट रूट पहिल्या लाइनकडे, ‘टेबल दोन’चा दुसऱ्या. मग वर क्रमाने नियम लिहायचे: १९२.१६८.१०.५०कडून आलेलं पॅकेट टेबल दोनमध्ये बघ. नियम लहान क्रमांकापासून तपासले जातात. लिनक्समध्ये नेहमीचं मुख्य टेबल ३२७६६ क्रमांकावर असतं, म्हणजे आपले नियम त्याच्या आधी लागतात.

इथेच एक चूक हमखास होते. टेबल दोनमध्ये फक्त डिफॉल्ट रूट असतो. आता १९२.१६८.१०.५० या लॅपटॉपवरून १९२.१६८.२०.८ हा कॅमेरा उघडा. नियम लागतो, राउटर टेबल दोनमध्ये बघतो, तिथे कॅमेऱ्यांच्या नेटवर्कची ओळच नाही. जुळतो तो डिफॉल्ट रूट, आणि घरातल्या कॅमेऱ्यासाठीचं पॅकेट दुसऱ्या लाइनने बाहेर जातं. इंटरनेट सुरळीत, कॅमेरा मात्र गायब. उपाय म्हणजे सगळ्यात वर एक नियम ठेवायचा: घरातल्या नेटवर्कांकडे जाणारं सगळं मुख्य टेबलात बघ. हा नियम आधी लिहा, बाकीचे मग.

नियम पत्त्यावर बेतलेला असेल तर तो पत्ता कायम हवा, म्हणून राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या भागात) त्या उपकरणासाठी पत्ता राखून ठेवा. फोन प्रत्येक वायफायवर वेगळा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) दाखवू शकतो, तेव्हा राखीव यादीत फोन त्या वायफायवर दाखवतो तोच घाला. मी वाटणी अशी करेन: कामाचे लॅपटॉप आणि कॉल स्थिर लाइनवर, टीव्ही, कॅमेऱ्यांचा बॅकअप आणि अपडेट दुसरीवर. रात्रीचा बॅकअप कॉलच्या लाइनवरून हलवला की कॉल तुटक येणं थांबतं, आणि हा फायदा बेरजेच्या आकड्यापेक्षा रोज जाणवणारा आहे.

वेगवेगळ्या राउटरांत याला वेगळी नावं आहेत. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर एमवॅन३ नावाचं पॅकेज हे करतं. पीएफसेन्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेटवे ग्रुप, म्हणजे लाइनचे गट, असतात आणि त्यांत टियर, म्हणजे पातळ्या: दोन्ही लाइन एकाच टियरवर ठेवल्या तर वाटणी, वेगळ्या टियरवर ठेवल्या तर एक पडल्यावर दुसरी.

लाइन पडली हे राउटरला कळतं कसं

फेलओव्हरची, म्हणजे एक लाइन पडल्यावर दुसरीवर जाण्याची, सगळी मदार या प्रश्नावर आहे. आपल्या राउटरची वायर कंपनीच्या डब्यात जाते. बाहेर फायबर तुटली तरी डबा सुरू, वायर सुरू, पोर्टवरचा दिवा हिरवा. राउटरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, म्हणून डिफॉल्ट रूट जागचा हलत नाही आणि पॅकेट एका मेलेल्या लाइनमध्ये जात राहतात. म्हणून राउटरने ठरावीक वेळाने बाहेर पिंग करून, म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघून, खात्री करायला हवी. पिंग डब्याला करू नका, त्याच्या पलीकडे करा: १.१.१.१ किंवा ८.८.८.८सारख्या पत्त्यांना. एकावर विसंबू नका, कारण तो एक पत्ता बंद पडला तर धडधाकट लाइन मेली असं ठरेल.

प्रत्येक लाइनचं पिंग त्याच लाइनने बाहेर जायला हवं. तसं बांधलेलं नसेल तर पहिली लाइन पडल्यावर तिचं पिंगही दुसरीवरून जातं, उत्तर येतं, आणि राउटर पहिली लाइन परत आली असं समजतो. मग रहदारी पुन्हा मेलेल्या लाइनवर, तिथून पुन्हा दुसरीवर, आणि हे सुरूच राहतं. दर ५ सेकंदांनी पिंग आणि सलग ५ चुकल्यावर लाइन बंद धरायची, हे सुरुवातीला योग्य प्रमाण आहे. साधारण अर्ध्या मिनिटात बदल होतो. आकडे फार घट्ट केले तर लाइन क्षणभर अडखळली तरी सगळं घर इकडून तिकडे फेकलं जातं. परत येण्यासाठी तर आणखी सबुरी हवी. लाइन दोन-तीन मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय तिच्यावर परतू नये.

बदल झाल्यावर जुन्या संभाषणांचं काय? नॅटच्या नोंदी तशाच राहतात. लिनक्समध्ये सुरू असलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद टिकते, म्हणजे ५ दिवस. ब्राउझर काही वेळाने कंटाळून नवं कनेक्शन उघडतो, तिथे फार बिघडत नाही. इंटरनेटवरून चालणारा टेलिफोन मात्र अडकतो. तो दर काही सेकंदांनी एकाच पोर्टवरून सर्व्हरला हजेरी लावत असतो, त्या प्रत्येक हजेरीने जुनी नोंद ताजी होते आणि जुना पत्ताच लागत राहतो. सगळ्या घरात नेट आलेलं असतं आणि हा फोन तासन्‌तास मुका. लाइन बदलताच जुन्या नोंदी पुसायचं सेटिंग बऱ्याच राउटरांत असतं, ते शोधून सुरू करा. वायरगार्ड व्हीपीएन पत्ता बदलला तरी तग धरतो. २०२१ साली मानक झालेल्या क्विक या डेटा पाठवायच्या पद्धतीतही संभाषणाला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे ते पत्ता बदलूनही पुढे चालू शकतं.

डीएनएसचा फास

लाइन बदलली, पिंग चालतंय, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी आधी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बघा. कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बऱ्याचदा फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. राउटरने पहिल्या कंपनीचा सर्व्हर लक्षात ठेवला असेल तर दुसऱ्या लाइनवरून गेलेली विचारणा परतवली जाते. दोन्ही लाइनवर चालणारा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर लावला की हा प्रश्न मिटतो.

बाहेरून घरात येणं आणि आयपीव्ही६

बाहेरून घरातला कॅमेरा बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) केलं असेल तर विनंती ज्या लाइनने आली त्याच लाइनने उत्तर जायला हवं. त्यासाठी राउटर आत येणाऱ्या कनेक्शनवर खूण करतो आणि उत्तर त्या खुणेनुसार वळवतो. दोन वॅनसाठी बनवलेले राउटर हे सहसा आपोआप करतात. वॅनवर मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या पट्ट्यातला असेल तर मात्र त्या लाइनवर बाहेरून आत येताच येत नाही, कारण तो पत्ता कंपनी अनेक ग्राहकांमध्ये मिळून वापरते.

आतापर्यंतचे सगळे पत्ते आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे होते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर गणित बदलतं. तिथे साधारणपणे नॅट नसतं. दोन्ही कंपन्या आपापला पत्त्यांचा गट देतात आणि प्रत्येक फोनकडे दोन्हींचे पत्ते असतात. कुठला पत्ता लावायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. म्हणून राउटरने पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बघून ते त्याच कंपनीच्या लाइनला द्यायला हवं, आणि लाइन पडली की तिचा गट आता वापरू नका असं घरात जाहीर करायला हवं. हे दोन्ही नीट करणारा राउटर नसेल तर सुरुवातीला आयपीव्ही६ फक्त मुख्य लाइनवर ठेवा. ती पडली तर ब्राउझर थोडं थांबून आयपीव्ही४वर येतात.

चाचणी कशी घ्यायची

राउटरची वॅन वायर उपटून घेतलेली चाचणी फसवी असते, कारण पोर्टच बंद पडल्यावर रूट आपोआप जातो आणि पिंगची परीक्षा होतच नाही. डब्यात बाहेरून येणारी वायर काढा, डबा सुरूच राहू द्या. आधी एका लॅपटॉपवर सलग पिंग सुरू ठेवा आणि दुसऱ्यावर व्हिडिओ कॉल. किती वेळ तुटतं ते बघा, मग ट्रेसराउट (पॅकेटच्या वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) चालवून पॅकेट खरंच दुसऱ्या लाइनने जातंय का ते तपासा. वायर परत लावा आणि परतीचा प्रवासही पाहा. शेवटी पहिली लाइन तोडलेल्या अवस्थेतच राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. काही राउटर चालू असताना नीट बदलतात, पण सुरू होतानाच लाइन मेलेली असेल तर अडकतात. वीज गेली की नेमकं तेच होतं: राउटर परत येतो, बाहेरची लाइन आलेली नसते.

विजेचा विषय निघालाच आहे तर राउटर आणि दोन्ही डबे एकाच यूपीएसवर घ्या. आणि दुसरी लाइन घेताना ती पहिलीच्याच खांबावरून, त्याच मार्गाने येत नाही ना, हे विचारा. एकाच खणकामात दोन्ही तुटणार असतील तर वरची कुठलीच सेटिंग उपयोगी पडत नाहीत. एक लाइन फायबरची आणि दुसरी मोबाइल नेटवर्कवरची, ही जोडी म्हणूनच मला दोन फायबरपेक्षा बरी वाटते, तिचा वेग कमी असला तरी.